अडीच किलोची रेघ

बाळ जन्मलं की पहिला प्रश्न मुलगा की मुलगी, आणि दुसरा वजन किती. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला एक रेघ आहे, अडीच किलोची. रेघेच्या वर असलं तर पेढे, खाली असलं तर सगळ्यांचे आवाज खाली. ही रेघ इतकी पक्की वाटते की ती निसर्गानेच मारली असावी असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती मारली एका फिनिश बालरोगतज्ज्ञाने, बर्लिनच्या एका बालरुग्णालयात, १९१९-२० च्या सुमारास. आर्वो युल्प्पो त्याचं नाव. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांचा अभ्यास करायचा, तर कुठल्या बाळाला ‘अपुऱ्या दिवसांचं’ म्हणायचं हे आधी ठरवायला हवं. दिवस मोजणं अवघड, आईला तारीख आठवतेच असं नाही. वजन मात्र काट्यावर लगेच दिसतं. म्हणून त्याने २५०० ग्रॅम हा आकडा धरला. गोल, सोपा, दशमान पद्धतीला शोभणारा. आकडा साहेबाच्या पौंड-औंसात धरला असता तर कदाचित तो साडेपाच नाहीतर सहा पौंड झाला असता, आणि जगभरातली लाखो बाळं रेघेच्या या किंवा त्या बाजूला गेली असती. युल्प्पो स्वतः पुढे फिनलंडमध्ये बालआरोग्य केंद्रांचं जाळं उभारणाऱ्यांपैकी एक झाला आणि १०४ वर्षं जगला.

१९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही हीच रेघ उचलली. अडीच किलो किंवा त्याहून कमी म्हणजे अपुऱ्या दिवसांचं बाळ. युरोपात हे बऱ्यापैकी चालून गेलं. भारतासारख्या देशांत मात्र नऊ महिने नऊ दिवस पूर्ण भरून जन्मलेली, रडणारी, दूध ओढणारी हजारो बाळं कागदोपत्री ‘अपुऱ्या दिवसांची’ ठरायला लागली. शेवटी १९६१ मध्ये शब्द बदलला आणि ‘जन्मतः कमी वजनाचं’ असं म्हणायला सुरुवात झाली. नाव बदललं, रेघ तीच राहिली.

मी या सगळ्यात पडलो त्याचं कारण घरातलं आहे. सिंधुदुर्गनगरी हे आमच्या गावाचं कागदावरचं नाव. १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा जिल्हा झाला, त्याचं मुख्यालय इथे आलं आणि त्याबरोबर हे नावही. बोलताना मात्र आम्ही ओरोसच म्हणतो. माझ्या ताईचं बाळंतपण इथलंच. दिवस पूर्ण भरायला पाच आठवडे असताना मुलगा झाला, १ किलो ८५० ग्रॅमचा. बारा दिवस पेटीत होता. काचेच्या पेटीला ‘इन्क्युबेटर’ किंवा ‘वॉर्मर’ आमच्याकडे कोणी म्हणत नाही, ‘बाळाक पेटयेत ठेवलला’ एवढंच. तो बारा दिवसांनी घरी आला. शेक-शेगडी झाली, टाळू भरली गेली. आजीने बघून सांगितलं, ‘बारको हा, पण होतलो मोठो.’ दोन महिन्यांनी ताईने मला फोनवर हळूच विचारलं, ‘हुशार होतलो मां?’ मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. पण आमच्या घरात ज्याला इंग्रजीतून गुगल करता येतं त्याला सगळंच कळायला हवं असा नियम आहे. त्यात कोकण बोर्ड दहावीला दरवर्षी राज्यात पहिलं, त्यामुळे आमच्या जिल्ह्यात ‘हुशार’ या शब्दाचं वजन बाळाच्या वजनापेक्षा जरा जास्तच.

मी वाचायला लागलो तेव्हा कळलं, ताईचा प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे.

लंडनचा विल्यम जॉन लिटल हा अस्थिरोगाचा डॉक्टर. हातपाय आखडलेली, चालता न येणारी मुलं त्याच्याकडे येत. त्याने त्यांच्या आयांना जन्माच्या वेळचं विचारायला सुरुवात केली आणि १८६१ मध्ये तिथल्या प्रसूतितज्ज्ञांसमोर निबंध वाचला. बाळ आधी जन्मलं, बाळंतपण अडलं, गुदमरलं, तर त्याचा परिणाम पुढे हातापायांवर आणि बुद्धीवर दिसतो, असं त्याचं म्हणणं. आज आपण ज्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतो त्याला कितीतरी वर्षं ‘लिटलचा आजार’ म्हणत. यानंतर ज्याने या निष्कर्षावर बोट ठेवलं तो माणूस वेगळ्याच कामासाठी प्रसिद्ध आहे. सिग्मंड फ्रॉइड. स्वप्नं आणि आई-बापांच्या भानगडीत शिरण्याआधी तो मुलांच्या मेंदूविकारांवर काम करत होता. १८९७ च्या त्याच्या ग्रंथात त्याने शंका काढली: अवघड जन्म हे कारणच कशावरून? गर्भातच आधी काहीतरी बिघडलं असेल आणि अवघड जन्म हे त्याचं लक्षण असेल तर?

फ्रॉइडच्या इतर बऱ्याच गोष्टी मला पटत नाहीत, पण ही शंका मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात कामाची वाटते. आमच्या कामात सर्व्हर बंद पडला की लॉगमध्ये एक ओळ येते. नवा मुलगा त्या ओळीलाच बिघाड समजतो. जुना माणूस म्हणतो, ही ओळ आहे, बिघाड मागे कुठेतरी आहे. जन्माचं वजन ही अशी एक ओळ आहे, नऊ महिन्यांच्या शेवटी छापली गेलेली. तिच्यामागे काय घडलं ते तिच्यावरून थेट कळत नाही.

दोन बाळं घ्या, दोन्ही १८५० ग्रॅमची. एक ३२ आठवड्यांना जन्मलेलं. त्या वयाला ते वजन अगदी योग्य आहे, बिचारं फक्त लवकर आलं. दुसरं पूर्ण ३९ आठवडे पोटात राहून तेवढंच. ते वाढलंच नाही. काट्यासाठी दोघं सारखी. हा फरक कागदावर मांडायचं मोठं काम अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या लुला लुबचेन्को या बालरोगतज्ज्ञ बाईंनी केलं. किती आठवड्यांच्या बाळाचं वजन किती असतं याचे आलेख त्यांनी १९६३ मध्ये छापले. आलेखात तळाच्या दहा टक्क्यांत येणारं बाळ ‘दिवसांच्या मानाने लहान’. यात तिसरीही शक्यता असते, आणि ती सगळ्यात वाईट: लवकरही आलं आणि दिवसांच्या मानानेही लहान. या तिसऱ्या गटाकडे पुढे परत यायचं आहे.

मेंदूच्या बाजूने पाहिलं तर या दोन वाटा का वेगळ्या ते कळतं. २८ आठवड्यांच्या गर्भाचा मेंदू बराचसा गुळगुळीत असतो. पुढच्या बारा आठवड्यांत तो जवळपास तिप्पट होतो आणि त्याला अक्रोडासारख्या घड्या पडतात. मज्जातंतूंवर पुढे जे वेष्टण चढणार, ते तयार करणाऱ्या पेशी २४ ते ३२ आठवड्यांच्या काळात फार नाजूक अवस्थेत असतात. प्राणवायू कमी पडला, जंतुसंसर्ग झाला तर आधी त्या मरतात. लवकर जन्मलेलं बाळ या काळात पोटाच्या अंधाराऐवजी दिव्यांखाली, सुया-नळ्यांत असतं. न वाढलेल्या बाळाची गोष्ट वेगळी. वार नीट काम करत नाही, रक्त कमी पोचतं. मग गर्भ काटकसर करतो, हातापायांचं, यकृताचं रक्त कमी करून मेंदूकडे वळवतो. म्हणून अशी बाळं डोकं मोठं आणि अंग वाळलेलं अशी दिसतात. पण घरात एकाला पोटभर देऊन बाकीच्यांना अर्धपोटी ठेवलं तरी त्या एकाला सगळंच मिळतं असं नाही. लोह, आयोडीन, ब-१२ यांची तूट मेंदूलाही लागतेच.

इतकं सगळं ऐकल्यावर ‘कमी वजन म्हणजे कमी बुद्धी’ हे सरळ गणित वाटेल. ते तसं नाही हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दाखवलं ते एका दुष्काळाने, आणि तोही माणसाने आणलेला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने पश्चिम हॉलंडची रसद तोडली. खाणारी माणसं दिवसाला हजार उष्मांकांच्या खाली गेली, ट्युलिपचे कंद शिजवून खाल्ले. मे १९४५ मध्ये देश सुटला आणि अन्न लगेच परत आलं. त्या महिन्यांत गरोदर असलेल्या बायकांची बाळं सरासरीने ३०० ग्रॅम हलकी जन्मली. हॉलंडमध्ये १९ व्या वर्षी मुलांना लष्करासाठी तपासत, बुद्धीची चाचणीही घेत. झीना स्टाइन आणि मर्व्हिन ससर हे मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, वर्णद्वेषी राजवटीमुळे देश सोडलेले डॉक्टर जोडपं. त्यांनी सव्वा लाख तरुणांच्या नोंदी काढल्या. भुकेच्या काळात आणि भुकेच्या गावांत गर्भात असलेले एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या. १९७२ मध्ये निकाल छापला. बुद्धिचाचणीत फरक काही सापडला नाही.

हा निकाल अनेकांना नकोसा होता. गोष्ट तिथे संपलीही नाही. २०१० मध्ये त्याच पिढीतल्या, आता साठीला टेकलेल्या माणसांना एकाग्रतेची चाचणी दिली, तेव्हा गर्भारपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत ज्यांच्या आया उपाशी होत्या ते मागे पडले. गंमत अशी की यांची जन्माची वजनं चांगली होती, कारण शेवटचे महिने त्यांच्या आयांना पोटभर मिळालं होतं. म्हणजे ज्यांची वजनं घसरली ते १९ व्या वर्षी बुद्धीने ठीक, आणि ज्यांचं वजन ठीक त्यांच्या मेंदूत साठ वर्षांनी काहीतरी दिसतं. काटा कुठे बघत होता, आणि घडत होतं कुठे.

पण डच बायका त्या हिवाळ्याआधी चांगल्या खाल्ल्यापिल्ल्या होत्या आणि नंतरही. आपल्याकडे भूक एका हिवाळ्याची पाहुणी म्हणून आलेली नाही. म्हणून हॉलंडचं उत्तर जसंच्या तसं उचलून ताईला देता येत नव्हतं. आपल्याकडच्या मुलांचं उत्तर आपल्याकडेच शोधावं लागणार होतं, आणि ते शोधलं गेलं पुण्यात.

पुण्याचं केईएम म्हणजे परळचं केईएम नव्हे. रास्ता पेठेतलं. छोट्याशा प्रसूतिगृहापासून डॉ. बानू कोयाजींनी ते मोठं केलं, आणि त्या रुग्णालयाबरोबरच वढूच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पासाठीही ओळखल्या गेल्या. १९८० च्या दशकात इथे अशी नवजात बाळं वाचायला लागली होती जी दहा वर्षांपूर्वी वाचली नसती. वाचवणाऱ्यांनाच मग प्रश्न पडला, वाचवून आपण घरी काय पाठवतो आहोत? डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळात नवजात अतिदक्षता कक्षातून घरी गेलेली, दोन किलोपेक्षा कमी वजनाची बाळं नोंदवली. सोबत तुलनेला पूर्ण दिवसांची, चांगल्या वजनाची बाळं घेतली. आणि ती सोडली नाहीत. सहाव्या वर्षी तपासलं, बाराव्या वर्षी तपासलं, अठराव्या वर्षी तपासलं.

हे वाचताना मी जरा थांबलो. एखाद्या शहरात अठरा वर्षं एखाद्या मुलामागे राहणं म्हणजे काय, याचा विचार करा. भाड्याची घरं बदलतात. मोबाइल नाही, निरोप पाठवायचा तर पोस्टकार्ड. मूल धडधाकट आहे, मग आई म्हणणार, आता कशाला दवाखान्यात? अठराव्या वर्षी त्यांच्याकडे दीडशेहून अधिक हलकी जन्मलेली मुलं अजून होती. आमच्या क्षेत्रात तीन वर्षांपूर्वीचा डेटा कुठल्या सर्व्हरवर आहे ते कोणाला सांगता येत नाही.

आता त्यांना सापडलं काय ते. बाराव्या वर्षी हलक्या जन्मलेल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक ८९.५ आला, तुलनेच्या मुलांचा ९७.२. दोन्ही सामान्य मर्यादेत. पण फरक खरा होता, नशिबाचा खेळ नव्हता. सगळ्यात मागे कोण? तोच तिसरा गट, लवकरही आलेली आणि दिवसांच्या मानानेही लहान. शिवाय फक्त एकूण आकड्याचा प्रश्न नव्हता. डोळ्यांनी बघून हाताने उतरवणं, म्हणजे फळ्यावरचं वहीत, नमुन्यावरून आकृती, यात ही मुलं अडखळत होती. वाचनात आणि गणितात अडचणी जास्त होत्या. अठराव्या वर्षीही फरक बुजलेला नव्हता.

सरासरी हा फसवा प्राणी आहे, म्हणून मी ते दोन आकडे आणि त्यांच्यासोबत दिलेली प्रमाण विचलनं (१६.९ आणि १४.१) घेऊन साधा हिशेब केला. हा माझा हिशेब, त्या डॉक्टरांचा निष्कर्ष नव्हे, आणि गुण घंटेच्या आकाराने पसरलेत असं धरून केलेला. दोन्ही गटांतून एकेक मूल डोळे मिटून उचललं, असं शंभर वेळा केलं, तर सुमारे ३६ वेळा हलकं जन्मलेलं मूल पुढे असेल. म्हणजे वर्गात बसलेल्या मुलांकडे बघून कोण कुठल्या वजनाचं जन्मलं ते कुणी सांगू शकणार नाही. पण त्याच हिशेबाची दुसरी बाजू तळाला दिसते. बुद्ध्यंक ७० च्या खाली, जिथे शाळा खरोखर झेपत नाही, तिथे तुलनेच्या मुलांतली शंभरात तीनेक पडतात आणि हलक्या जन्मलेल्यांतली बाराच्या आसपास. एका मुलासाठी हा आकडा जवळजवळ निरुपयोगी. एका जिल्ह्यासाठी मात्र तो फार मोठा आहे. ताईला मी यातला पहिला भागच आधी सांगितला.

त्या अभ्यासात अजून एक गोष्ट होती, आणि ताईशी माझं खरं बोलणं त्यावर झालं. मुलाच्या बुद्धीवर ठसठशीत परिणाम दिसला तो आईच्या शिक्षणाचा. हे एकट्या पुण्याचं नाही. १९५० च्या दशकात एडिंबरात सेसिल ड्रिलियन या बाईंनी हलक्या जन्मलेल्या मुलांचा शाळेपर्यंत पाठलाग केला होता, त्यांनाही दिसलं होतं की हलकं जन्मणं गरीब घरात जास्त महाग पडतं. चांगल्या परिस्थितीतली मुलं बरीच भरून काढतात.

आईच्या शिक्षणात नक्की काय असतं? पगार असतो, घरात पुस्तक असतं, डॉक्टरला उलट प्रश्न विचारायची हिंमत असते. आणि बोलणं असतं. जमैकातल्या किंग्स्टनमध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी १९८० च्या दशकात वाढ खुंटलेल्या तान्ह्या मुलांच्या घरी आठवड्यातून एकदा आरोग्यसेविका पाठवली, दोन वर्षं. ती काय करायची? आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवायची, घरातल्याच डब्या-बाटल्यांची खेळणी करून. वीस वर्षांनी ती मुलं शोधून काढली. ज्यांच्याकडे सेविका जात होती त्यांची कमाई बाकीच्यांपेक्षा २५ टक्के जास्त निघाली. आमच्याकडे एकट्या बाळाशी बडबडणाऱ्या बाईला ‘काय खुळावलंस?’ म्हणतात. ताईला मी म्हटलं, खुळावल्यासारखीच बोल त्याच्याशी.

महाराष्ट्रात घरी जाण्याची ही गोष्ट गडचिरोलीत घडली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथल्या ३९ गावांत जेमतेम शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. वजन करायचं, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग ओळखायचा, औषध द्यायचं. १९९५-९६ मध्ये या गावांत जन्मलेल्या बाळांपैकी ४२ टक्के अडीच किलोच्या खाली होती. बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त घटले. १९९९ मध्ये हे काम ‘लॅन्सेट’मध्ये आलं, आणि २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी वजनकाटा घेऊन येतात त्याचं मूळ इथे आहे. ओरोसला ताईच्या दारात आलेल्या आशाताईंच्या पिशवीतलं ते सगळं सामान गडचिरोलीहून निघालेलं होतं. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आला, त्यात विकासात मागे पडणारी मुलं लवकर ओळखून त्यांच्यावर उपचार करणारं केंद्र प्रत्येक जिल्ह्यात असावं असं ठरलं. हे चांगलंच आहे. पण पुण्याने दाखवलेल्या अडचणी, फळ्यावरचं उतरवणं, गणित, वाचन, या तिसरी-चौथीत उघड होतात. तोवर वजनाचं कार्ड कपाटात गेलेलं असतं, आणि गुरुजी म्हणतात, पोराचं लक्ष नाही.

आता परत फ्रॉइडच्या शंकेकडे. ओळीमागचा बिघाड कुठे?

पुण्याच्या केईएममध्येच डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहावर काम करत होते. इंग्लंडच्या डेव्हिड बार्कर आणि कॅरोलिन फॉल यांच्यासोबत त्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत आणखी मागे जाऊन सुरुवात केली, बायका गरोदर राहण्याच्याही आधीपासून. या बायकांचं वजन साधारण ४२ किलो. त्यांची बाळं सरासरी पावणेतीन किलोच्या आत, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा आठशे ग्रॅमने हलकी. याज्ञिकांचं नाव झालं ते या बाळांच्या चरबीमुळे: हलकी, पण स्नायू कमी आणि कातडीखालची चरबी जवळजवळ तेवढीच, म्हणजे पुढच्या मधुमेहाची तयारी. मला जास्त महत्त्वाच्या वाटतात त्या बाजूला पडलेल्या दोन गोष्टी. एक, बाळाचा आकार आईने एकूण किती उष्मांक खाल्ले यावर ठरत नव्हता. पालेभाज्या, फळं, दूध किती वेळा पोटात गेलं याच्याशी त्याचा संबंध होता. दुसरी, जी बाई शेतात आणि पाण्याला जास्त राबत होती तिचं बाळ लहान होत होतं.

दुसरी गोष्ट वाचून मला आमची लावणी आठवली. कोकणात पाऊस पडला की पोटुशी बाईही वाकून तरवा लावते, कंबरभर चिखलात. सिंधुदुर्गात २०११ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे १०३६ बायका होत्या. हे पुरोगामीपणाचं प्रशस्तिपत्र म्हणून भाषणांत येतं. त्यातला मोठा वाटा असा की बापई पिढ्यान् पिढ्या मुंबईला गिरणीत आणि आता गोव्यात, पुण्यात, माझ्यासारखे. शेत, गोठा, विहीर बाईवर. त्यात ‘जास्त जेवू नको, बाळ मोठं झालं तर बाळंतपण अडेल’ हा सल्ला. ज्या काळात अडलेली बाई बैलगाडीतून तालुक्याला पोचेपर्यंत मरायची, त्या काळात तो सल्ला अडाणीपणाचा नव्हता. आता रस्ता आहे, रुग्णवाहिका आहे, सिझर आहे, सल्ला मात्र अजून तोच आहे. आमच्याकडे एक गोष्ट बरी, ताटात मासळी असते, आणि ब-१२ जीवनसत्त्व मासे, अंडी, दूध, मटण यांतूनच मिळतं. देशावरच्या त्या सहा गावांत ते फारसं नव्हतं. तिथल्या बहुतेक गरोदर बायकांच्या रक्तात ब-१२ कमी निघालं.

ब-१२ ची तूट वजनाच्या काट्यावर दिसत नाही. पण २००८ मध्ये याज्ञिकांच्या गटाने पुण्यातल्या नऊ वर्षांच्या मुलांच्या चाचण्या छापल्या. ज्यांच्या आयांचं गरोदरपणात ब-१२ फार कमी होतं, ती मुलं लक्ष टिकवून ठेवण्यात आणि ऐकलेले आकडे उलट क्रमाने म्हणण्यात मागे पडली, चांगलं ब-१२ असलेल्या आयांच्या मुलांच्या तुलनेत. डच लोकांना साठाव्या वर्षी जे दिसलं त्याच्याशी याचं नातं जवळचं आहे: एकाग्रता, आणि कारण काट्याला न दिसणारं.

मग २०१२ मध्ये त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. १९९३ नंतर त्या सहा गावांत जन्मलेली, याच अभ्यासात पहिल्या दिवशी तोलली गेलेली मुलं-मुली आता सतरा-अठरा वर्षांची झाली होती. त्यांना गोळ्या सुरू केल्या. काहींना नुसतं ब-१२, काहींना ब-१२ सोबत इतर जीवनसत्त्वं आणि खनिजं, काहींना काहीच नसलेली गोळी. कोणाला काय ते ना त्यांना माहीत, ना तपासणाऱ्यांना. डोस किती, तर दिवसाला दोन मायक्रोग्रॅम, म्हणजे जेवणातून मिळायला हवा तेवढाच. मुलींची लग्नं झाली, त्या गरोदर राहिल्या, बाळंत झाल्या. २०२१ मध्ये त्यांच्या दोन वर्षांच्या मुलांच्या चाचण्या छापून आल्या. ज्या आयांना लग्नाआधीपासून नुसतं ब-१२ मिळत होतं, त्यांची मुलं समज आणि भाषा या दोन्हींत काहीच न मिळालेल्या आयांच्या मुलांच्या पुढे होती. ज्यांना ब-१२ सोबत बाकीचंही दिलं, त्यांच्यात हा फरक स्पष्ट दिसला नाही, आणि तो का दिसला नाही यावर वाद चालू आहे.

त्या आयांपैकी कितीतरी जणी स्वतः अडीच किलोच्या रेघेखाली जन्मलेल्या.